दोन डॉक्टर, दोन पिशव्या

माझे वडील गणिताचे मास्तर. चाळीस वर्षं पोरांना "एका वेळी एकच रीत वापरा" म्हणून दरडावत आले, आणि स्वतःच्या ब्लडप्रेशरला मात्र दोन डॉक्टर. एक मंडईजवळचे जुने, तीस वर्षांच्या घरोब्याचे. दुसरे कर्वेनगरात घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलातले. जुन्यांना सोडवत नव्हतं आणि नव्यांची मशिनं पटत होती. दोघांच्याही गोळ्या नेमाने पोटात जायच्या. एकाकडे निघताना दुसऱ्याच्या गोळ्यांची पिशवी कपाटात, धोतरांखाली.

"बाबा, सांगून टाका ना एकदा," मी म्हणायचे.

"त्यांना काय वाटेल? तीस वर्षांचे संबंध आहेत. आणि नव्यांना सांगितलं तर म्हणतील, मग तिकडेच जा."

लोक बायकोपासून भानगडी लपवतात. आमच्याकडे डॉक्टरपासून डॉक्टर लपवायचा.

मोठ्या हॉस्पिटलातले गृहस्थ म्हणजे तर आनंदच. दीड तास ताटकळत ठेवायचं, चार मिनिटांत उरकायचं, नजर सगळा वेळ कॉम्प्युटरवर. "दुसरं काही औषध चालू आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रिंटरमधून कागद अर्धा बाहेर आला होता. उत्तराची पडली होती कुणाला? वडील म्हणाले, "छे, काही नाही," आणि टेबलाखाली माझा हात दाबला. मी बँकेतली अधिकारी, चारचौघांत फटकळ म्हणून ख्याती. तिथे मात्र मिठाची गुळणी धरून बसले.

दोन महिन्यांनी मंडईत गवार निवडता निवडता वडील कोसळले. भाजीवालीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. त्यांना घेऊन मंडईजवळच्या एका हॉस्पिटलात पोचले तेव्हा नाडी मिनिटाला छत्तीस. हे आता जातात, असंच मला वाटलं.

तिथली नर्स विदर्भातली, पंचविशीची. म्हणाली, "काकू, घरी जेवढ्या गोळ्या आहेत न, साऱ्या घेऊन या." दोन्ही पिशव्या तिने पलंगावर रिकाम्या केल्या आणि पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसली. "ही अन् ही एकच गोळी आहे, काकू. कंपनी वेगळी, नाव वेगळं. नाडी कमी करते ती. आजोबा दुप्पट घेत होते." भिंतभर पदव्या टांगणाऱ्या दोघांना जे सुचलं नाही, ते या पोरीने पाच मिनिटांत केलं.

वडील वाचले. आठवड्याने घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "जुन्या डॉक्टरांना यातलं काही बोलू नकोस." धन्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही पिशव्या घेऊन जुन्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि झालेलं सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते तिकडे जातात हे मला ठाऊक होतं. नाडी मंद लागतेय, तेही लक्षात आलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मी कसं विचारायचं? अवघडले असते ते."

असा संताप आला म्हणून सांगू. यांच्या सभ्यतेपायी माझा बाप गवारीच्या ढिगाशेजारी मेला असता. चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. टेबलाखाली दाबलेला हात माझा होता.