आबांचा डावा हात

आबा, म्हणजे माझे वडील, माणसाच्या हातात वस्तू देत नसत. पेरू आणला तर उंबऱ्यावर ठेवायचे, सुपारी मागितली तर जमिनीवर ठेवून बोटानं पुढं सरकवायचे, आणि समोरच्यानं ती उचलून घ्यायची. मला या सवयीचा फार राग यायचा. आज ते नाहीत, तरी तो राग गेलेला नाही.

पूर्वी ते असे नव्हते. लढाईवर गेले ते धडधाकट, आणि परत आले तेव्हा सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून पिनेनं टाचलेली. कुंडलजवळच्या आमच्या गावात पलटणीतून आलेली माणसं पुष्कळ होती. कुणी लंगडत होता, कुणाला ऐकू येत नव्हतं, पण त्यांना पंगतीत बसायला अडचण नव्हती. आबांचा नेमका उजवा गेला. उरला तो सकाळी तांब्या घेऊन शेताकडे जाताना लागणारा हात, आणि आता त्याच हातानं भाकरी मोडायची. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आबांनीच आपलं ताट उचललं आणि गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून बसले. आईनं रडून पाहिलं, चिडून पाहिलं, पण ताट पंगतीत परत आलं नाही. गावची जेवणावळ असली की यांचं पोट हमखास बिघडलेलं असायचं.

आणि तोच हात किती कामाचा होता म्हणून सांगू! माझ्या टाचेतला बाभळीचा काटा त्याच हातानं निघायचा. मी वेणी घालताना रिबिनीचं टोक तोच धरून ठेवायचा. दात आणि डावा हात एवढ्यावर आबा बैलाचं दावं असं बांधायचे की दोन हातांच्या माणसाला सुटू नये. कामाला तो हात चालत होता, देण्याघेण्याला तेवढा नाही.

माझं लग्न सांगलीला ठरलं. पोर परघरी देताना बापानं तिचा हात जावयाच्या हातात द्यायचा असतो. तो माझ्या बापानंच द्यावा, एवढं एकच मला हवं होतं. मी आईला तसं सांगितलं, आईनं आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी खुशाल हो समजून बसले.

मुहूर्ताच्या दिवशी बघते तर पाटावर धाकटे चुलते आणि चुलती. चुलत्यांचा चेहरा रडवेला झालेला. ते उठून आबांकडे गेले होते म्हणे, "दादा, तुमीच बसा. पोर तुमची हाय." आबा म्हणाले, "तूच बस रं गड्या. पयलंच देणं डाव्या हाताचं नगं. पोरीच्या संसाराला उगं गालबोट कशाला?" आणि ते मांडवामागं आचाऱ्याकडे जाऊन चुलाणात लाकडं सारत बसले. माझा हात चुलत्यांनी दिला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते बायकांना सासरी जाण्याचं वाटलं.

जेवणं झाल्यावर भटजी पान खाता खाता चुलत्यांना म्हणाले, "वडील असताना तुम्ही का हो बसलात?" चुलत्यांनी कारण सांगितलं. भटजी चुना लावायचे थांबले. "अहो, देवानं ठेवलाय तोच हात पुढं करायचा. त्या हातावर यजमानीणबाईंनी आपला उजवा ठेवायचा, झालं. मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

कुणीच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. एवढी शहाणीसुरती माणसं, जमीनजुमला सांभाळणारी, आणि सगळ्यांनी मनातच निकाल लावून टाकला होता.

निघताना आबांनी नारळ आणला आणि गाडीच्या फळीवर ठेवला. मी तो उचलला.

पुढं माझी मुलगी चालायला लागली तेव्हा ते सांगलीला आले. सोप्यात बसले असताना मी त्यांना भटजींचं बोलणं सांगितलं. ते बराच वेळ बाहीच्या घडीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "व्हय? तसं चालतं व्हय? मला वाटलं, इचारलं तर भटजीलाबी नाही म्हनायला अवघड जाईल."

मग त्यांनी पिशवीतून पेरू काढला आणि खाली न ठेवता पोरीपुढं धरला. पोरीनं हसून हात पुढं केला, तो डावा.

"त्यो न्हवं गं बाय, त्यो वंगाळ हात. चांगला हात कर पुढं," आतून सासूबाई म्हणाल्या. त्या नातीला म्हणाल्या होत्या. त्यांना आबा दिसतही नव्हते.

आबांनी पेरू हळूच जमिनीवर ठेवला. पोरीनं तो उजव्या हातानं उचलला.