मुंजाजीच्या हातची वेणी

चुडाव्याच्या टेसनात गाडी थांबते ती उतारूंसाठी, असं रेल्वेचं म्हणणं होतं. गावाचं म्हणणं वेगळं होतं. गावाच्या मते ती मुंजाजीची मेंढरं रुळावरून पलीकडे जाईपर्यंत थांबायची. मुंजाजीला घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता. खांद्यावर घोंगडी, काखेत काठी आणि हातात लोकर कातायची चाती. चालता चालता चाती फिरत राहायची आणि मुंजाजीही तिच्याच चालीनं चालायचा. इंजिनानं शिट्टी मारली की तो मान वळवून पाहायचा आणि कुणी ओळखीच्यानं हाक मारावी तसा म्हणायचा, "व्हय व्हय, आलो."

त्याच्या वाट्याची सगळी घाई त्याच्या लेकीनं घेतली होती.

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळेवरची उर्दू पाटी उतरून मराठी पाटी चढली होती, बाजारात निजामी हाली रुपया कुणी हातात धरीना झालं होतं. निजामाचं राज्य गेलं ते गेलंच. मुंजाजीच्या घरात मात्र सहा वर्षांच्या बायनाचं राज्य होतं आणि ते हलवायला फौज कुठली आणावी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायनाची आई नर्मदा दोन वर्षांमागं तापानं गेली. लोक म्हणाले, मुंजाजी, दुसरं लगीन कर. मुंजाजी म्हणाला, "बगू." या शब्दावर त्यानं दोन वर्षं काढली. सकाळी भाकरी बांधायची, मेंढरं सोडायची आणि मेंढरांच्या पुढं बायनाला सोडायचं, हा त्याचा संसार. मागून चालणारा बाप दिवसभर दोन गोष्टींवर नजर ठेवून असे, आणि त्यातली कळपाची गोष्ट सोपी होती.

बायनानं सगळ्या मेंढरांना गावातल्या माणसांची नावं दिली होती. एका घोगऱ्या आवाजाच्या म्हाताऱ्या मेंढीचं नाव होतं पाटलीणबाई. पाटलाच्या दारावरून जाताना नेमकी तीच मागं राहायची आणि बायना बेंबीच्या देठापासून ओरडायची, "ए पाटलीणबाई! चल की मुकाट्यानं, काय चरत बसलीस दुसऱ्याच्या दारात!" मुंजाजी मान खाली घालून चाती जोरात फिरवायचा.

वाटेनं तिचे सवाल चालू असायचे.

"अप्पा, मेंढराला भुवया कामून न्हाईत?"

मुंजाजी थोडं अंतर विचार करत चालायचा. "आसतील. लोकरीत गेल्या आसतील."

"मंग काढून बगू का?"

"आज नगं. आज तिला राग आलाय."

अशा सगळ्या सवालांना त्याच्याकडे जबाब होता. एका गोष्टीला नव्हता, ती म्हणजे बायनाचे केस.

दिवाळीला त्याची सासू कासाबाई राणीसावरगावाहून आली होती. नातीचं डोकं पाहून ती उंबऱ्यातच बसली. त्या डोक्यात बाभळीचा पाला होता, गोखरू होतं, आणि एक काळा किडा होता. तो आपलाच आहे, त्याला मारायचं नाही, असं बायनाचं म्हणणं पडलं.

आता सासूनं जावयाशी तोंडावर बोलायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा आणि जे काय सांगायचं ते लेकराला, भिंतीला नाहीतर घरातल्या मेढीला सांगायचं. छपराला आधार दिलेल्या त्या लाकडाच्या मेढीकडे तोंड करून कासाबाई म्हणाली, "लेकरू बापाकडं ऱ्हावं आसं मला बी वाटतं. पर लेकीच्या जातीला येणी लागती. मार्गशीर्षाची येळ अमावस्या झाली की मी येनार. तव्हा हिच्या डोक्याला नीट येणी दिसली तर ठीक. न्हाई तर मी हिला घेऊन जानार. मंग कुणी काय म्हणू नये."

मेढ काही म्हणाली नाही. मुंजाजीही नाही. पण त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

पहिल्यांदा त्यानं शेजारच्या तानुबाईला गळ घातली. तानुबाई मायाळू, पण तिचा हात जड. ती फणी घेऊन बसली आणि दुसऱ्याच घटकेला तिच्या मनगटावर बायनाच्या दातांचा शिक्का उठला.

"मुंजाजी," मनगट चोळत तानुबाई म्हणाली, "तुजी पोरगी लय गुणाची हाय बरं का. फक्त तिला जाळी बांधून माज्याकडं धाड. मुसक्याची. बैलाला बांधतेत तशी."

मग मुंजाजीनं स्वतःच बसायचं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर त्याला यात अवघड काही दिसेना. शेळीच्या केसांचे दोर वळण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्यानं वळलेल्या दोरानं बांधलेला बैल सुटला, असं कधी ऐकिवात नव्हतं. केस ते केस. शेळीचे काय नि लेकीचे काय!

त्यानं बायनाला गुडघ्यांत घेतलं, केस पाण्यानं भिजवले, एरंडेल लावलं, आणि दोन पदर काढून उलटा-सुलटा पीळ घातला. केस आखूड होते. बायका वेणीला गंगावन लावतात हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून त्यानं शेळीचे चार लांबसडक काळे केस, मग आणखी चार, मग मूठभर, असे आत मिसळत नेले आणि शेवटाला दोराची मारतात तशी गाठ मारली. वेणी झाली. चांगली मनगटाएवढी, ताठ. बायनानं मान हलवली की मागं कुणीतरी काठी फिरवतंय असं वाटायचं.

"दुखलं का ग?"

"न्हाई. अप्पा, हिनं मारता येतंय!" आणि तिनं मान फिरवून पाटलीणबाईच्या पाठीत एक ठेवून दिली.

सगळं गाव वेणी बघून गेलं. टेसनावरच्या खलाशानं तर ओढूनही पाहिली आणि म्हणाला, "मालडबा ओढंल की ही!" मुंजाजीची छाती फुगली.

पण त्यात एक बारीक गोष्ट राहून गेली होती. वेणी रोज सोडायची असते आणि रोज घालायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नर्मदा पहाटे उठून ते काम करायची तेव्हा हा मेंढरांत असायचा. आणि दोराचं शास्त्र असं की वळला तो वळला. रोज उकलून रोज दोर वळणाऱ्या माणसाला त्यानं येडं म्हटलं असतं. तेव्हा वेणी तशीच राहिली. तेल, धूळ, घाम, ओढ्याचं पाणी सगळं तिच्यात मुरत गेलं, आणि ती दिवसेंदिवस मजबूत होत चालली. मुंजाजी रोज सकाळी बोटानं दाबून बघायचा आणि समाधानानं म्हणायचा, "बसलीया आता."

येळ अमावस्या झाली. उद्या कासाबाई येणार, अशी खबर आली. आणि नेमकं त्याच दिवशी बायनानं वेणीचा उपयोग शोधला.

दुपारची वेळ. एक नवं कोकरू सारखं इकडंतिकडं पळत होतं. बायनाला आली होती झोप. राखण तर करायची. तिनं वेणीचं टोक पुढं घेतलं, कोकराच्या गळ्याला बांधलं, बापानं शिकवलेली गाठ मारली आणि बाभळीखाली आडवी झाली. तिकडून मेंढीनं हाक दिली. कोकरू उठलं आणि आईकडं निघालं. बायनाही निघाली, आधी डोकं, मग बाकीची.

बोंब ऐकून मुंजाजी धावला. आयुष्यात तो धावल्याचं गावानं पाहिलं ते तेवढंच. पाहतो तर पोरगी धुळीत बसून कोकराला शिव्या देतेय, आणि कोकरू तिच्या तोंडाला तोंड लावून ओरडतंय.

"अप्पा, गाठ सुटंना!"

"मी शिकवलेली हाय. कशी सुटंल?" मुंजाजी अभिमानानं म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला. ओढीनं गाठ अशी आवळली होती की नखही शिरेना. कातर घरी. मग काय, एका काखेत पोरगी, दुसऱ्या काखेत कोकरू, मागं कळप, अशी वरात गावातून निघाली.

घरी वेणीचं टोक कातरून कोकरू मोकळं केलं. मग तानुबाई तेल घेऊन बसली. दाभण लावून पाहिलं, बोटं घालून पाहिली. शेवटी तिनं हात टेकले.

"मुंजाजी, ही येणी न्हाई रे बाबा. ही घोंगडी हाय. ह्यात तुज्या लेकीचे केस कोंचे नि शेळीचे कोंचे, हे आता शेळीला बी सांगता यायचं न्हाई."

"मंग?"

"मंग काय. कातर."

मुंजाजीनं नाइलाजानं कातर हातात घेतली. बायना मात्र खूश. ती आपणहून त्याच्या गुडघ्यांत येऊन मेंढरासारखी आडवी पडली, पाय आखडले आणि "बेंऽऽ" केलं. मुंजाजीला हसू फुटलं. हसता हसता त्याला उद्याची आठवण झाली आणि कातर थांबली.

"कर की अप्पा! पाटलीणबाईला करतोस तशी!"

त्यानं केली. मेंढरं कातरणारा हात तो. डोक्यावर पेरणीच्या तासांसारख्या ओळी उठल्या.

दुसऱ्या दिवशी बायना आजीला आणायला बापाच्या पुढं धावत टेसनावर गेली. कासाबाई डब्यातून उतरली, तिनं समोर पाहिलं, आणि "अगं माय, माय, माय!" म्हणत फलाटावरच गाठोड्यावर बसली. लेकीबाळीचं डोकं भादरलेलं बघणं त्या काळात सोपं नव्हतं. बायनानं तिच्यासमोर एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "आजी, हात फिरवून बग. गुदगुल्या होतेत."

घरी आल्यावर कासाबाईनं मेढीसमोर बैठक मारली. मुंजाजी बाहेर अंगणात, तिच्याकडे पाठ करून. मधे बायना, निरोप्याचं काम मिळाल्यामुळं कमालीची आनंदात.

"सांग तुज्या बापाला," कासाबाई म्हणाली, "माजी लेक गेली, तिची येवढी एकच निशाणी. हिच्या केसाला मी तळहातभर खोबरेल घालून वाढवलं असतं. आन् ह्यानं हिचं मेंढरू केलं!"

बायना दारात आली. "अप्पा, आजी म्हणायली तुला अक्कल न्हाई."

"आसं म्हणले का मी?"

"तू लय म्हणलीस. मी थोडक्यात सांगितलं."

मुंजाजी म्हणाला, "सांग, खरं हाय म्हणावं."

"आजी, अप्पा म्हणायलाय खरं हाय, न्हाई अक्कल."

कासाबाईनं पदर आणखी पुढं ओढला. मग ती म्हणाली, "तिची कापडं बांधा म्हणावं. सकाळच्या गाडीनं नेते."

या निरोपाची बायनाला कसली काळजी? गाडीत बसायला मिळणार! ती घरभर नाचली, तानुबाईला सांगून आली, मेंढरांना एकेकाच्या कानात सांगून आली.

मुंजाजी आत आला. दोन परकर, एक झंपर आणि नर्मदेच्या लुगड्याचा एक तुकडा त्यानं फडक्यात ठेवला आणि गाठोडं बांधता बांधता, मेढीकडे बघत, बोलायला लागला. त्याला एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"भाकरीचा वरला पापुद्रा काढून द्यावा लागतो, खालची बाजू खात न्हाई. खायची आसंल तर म्हणावं, ही पाटलीणबाईची हाय, तुला न्हाई. मंग खाते. हा तुकडा आईच्या लुगड्याचा. झोपताना बोटाला गुंडाळून देयाचा, मुठीत दिला तर फेकती. रात्री तहान लागली तर एकदाच हाक मारती, दुसऱ्यांदा मारत न्हाई, तशीच पडून ऱ्हाती. तवा जागसूद झोपावं लागतं. विजांना भेत न्हाई. वाऱ्याला भेती, पर सांगत न्हाई, नुसती गप होती. ती गप झाली की समजायचं. आन् रागं भरलात तर…" तो थांबला. गाठोड्याची गाठ आवळत राहिला. "रागं भरलात तर मंग जरा येळानं तिला काय तरी इचारायचं. काय बी. मेंढराचं, कोकराचं. तिला वाटतं, माणूस बोलंना झालं की ते बी जानार. आईवानी."

कासाबाईनं पदराआडून त्याच्याकडे पाहिलं. बाहेर बायना कुणाशीतरी भांडत होती, बहुधा शेळीशी.

मग कासाबाईनं हात लांब करून गाठोडं ओढून घेतलं आणि मेढीकडे न बघता, रीतभात सगळी बाजूला ठेवून, सरळ जावयाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मुंजाजी, येवढं समदं माज्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. मी म्हातारी बाई." आणि ती गाठोड्याची गाठ सोडायला लागली. अर्थात ती तिला सुटली नाही. मुंजाजीला दात लावावे लागले.

"केस वाढतील," ती म्हणाली. "पर अवंदा दोर वळायचा न्हाई. तीन पदराची घालायची, सैल, आन् रोज सोडायची. रोज."

"रोज?" मुंजाजी खरोखरच चकित झाला.

सकाळी तो लेकीला घेऊन सासूला पोचवायला टेसनावर गेला. आनंदानं त्याला रात्रभर झोप आली नव्हती. गाडी आली, कासाबाई चढली, खिडकीशी बसली, आणि आपण फक्त पोचवायला आलोय हे बायनाच्या ध्यानात आलं.

तिनं फलाटावर अंग टाकलं. "मला जायचंय! आजीसंगं जायचंय! अप्पा नगं मला! मला गाडी पायजे!" ज्या पोरीसाठी बापाचा जीव दिवाळीपासून टांगणीला लागला होता, ती टाचा घासून, हातपाय आपटून बापाला सोडून जायचा हट्ट करत होती. उतारू खिडक्यांतून बघत होते. एक म्हातारबा म्हणाले, "काय हो, पोरीला मारताबिरता का?"

कासाबाई मात्र खिडकीत हसून हसून बेजार झाली होती. "आता बापा, बस समजूत घालत!" ती म्हणाली, आणि गाडी हलली.

मुंजाजीनं लेकीला उचलून खांद्यावर टाकलं. ती दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीत दणादण मारत होती, आणि मधेच श्वास घ्यायला थांबली की मागं वळून गाडी किती लांब गेली ते बघत होती. सारं गाव दारात उभं राहून तमाशा बघत होतं. मुंजाजी त्यातून संथ चालला होता, आणि गुद्दा जोरात बसला की म्हणत होता, "व्हय व्हय. आनखी मार."