आधी देवाचा वाटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. लिहायला बसले आणि तीनदा उठले — म्हणून आधी सोपं तेवढं सांगते.

मी नाशिकला एका बँकेत नोकरी करते. इंग्रजी शाळेत शिकले, हिशोब कळतो, म्हणून आमच्या चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या बायकांचा रविवारचा वर्ग माझ्यावर सोपवला. देवाच्या शिकवणीप्रमाणे पैसा कसा वापरावा, हा विषय. सोबत एक इंग्रजी पुस्तिका दिली. ती मी मराठीत सांगायची. उधारी टाळा, कमाईचा दहावा भाग आधी बाजूला काढा. मी मान खाली घालून बोलायचे, तरी बायका मन लावून ऐकायच्या.

आणि माझा स्वतःचा दशांश? आठ महिने दिलाच नव्हता. स्कूटरचा हप्ता होता, कपडे होते. आमच्याकडे अर्पणाच्या पाकिटावर नाव लिहीत नाहीत. कोऱ्या कागदाची घडी आत सरकवून मी पाकीट चिकटवायचे आणि सगळ्यांदेखत थैलीत टाकायचे. पण कबूल करायचंय ते एवढंच नाही.

वर्गातल्या सुमनमावशी पेठ तालुक्याकडच्या. चार घरी पोळ्या करतात. एकदा वर्ग संपल्यावर त्या मागे थांबल्या.

"टीचर, डोळ्यापुढं जाळं येतंय. डॉक्टर म्हणतो साखरेनं झालंय, इंजेक्शन लगेच घ्या. दशांश काढला तर तेवढं जमत नाय. आधी देवाचं का आधी डोळ्याचं?" मग स्वतःच हसल्या. "देव उधार ठेवतो का वो?"

पुस्तिकेत उत्तर होतं. आजारपण असेल तर उपचार आधी. ते पान मी वाचलं होतं, पेन्सिलीनं खूणही केली होती. मग का नाही सांगितलं? सवलतीचा शब्द माझ्या तोंडून निघाला तर कुणीतरी माझ्याच पाकिटाकडे बघेल — अशी भीती वाटली. कडक बोलणाऱ्यावर कोण संशय घेतं?

"आधी देवाचा वाटा, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी तो दिला. पुढचे तीन महिने दिला. इंजेक्शनचे पैसे जमले तेव्हा उजवा डोळा गेला होता, डाव्यानं धूसर दिसत होतं. पोळी करपलेली कळेना, म्हणून दोन घरं सुटली. माझ्याबद्दल मात्र त्या बायकांना कौतुकानं सांगतात, "टीचरनी सांगितलं, म्हणून देवाचं तरी राहिलं नाय."



आता उपासनेला त्या माझ्याशेजारी बसतात. समोरच्या फळ्यावरचा गीताचा नंबर त्यांना दिसत नाही. माझ्या कानाशी वाकून विचारतात. मी सांगते.