ब्रिटा दहापर्यंत मोजते

ब्रिटा स्कोग्लंडला मी चार वर्षांत एकदाही धड बसलेलं पाहिलं नाही. आमच्या खोलीत ती उभ्यानेच जेवायची, एका हातात ताटली आणि दुसऱ्या हाताने कपाट आवरणं चालू. वर्गात तिचा गुडघा इतका हलायचा की शेजारची मुलगी वैतागून जागा बदलायची. ती नर्सिंग शिकत होती. तिथे नाडी पूर्ण मिनिटभर मोजायला सांगत, आणि ही पंधरा सेकंद मोजून चारने गुणून मोकळी. "मिनिटभर काय बघत बसायचं त्या मनगटाकडे?" असं वर आम्हालाच विचारायची.

अशी मुलगी आमच्या फ्रिस्बी संघाची कर्णधार होती. विस्कॉन्सिनमधलं आमचं कॉलेज लहान, मुलींचा संघ त्याहून लहान. अकरा जणी, त्यातल्या सात मैदानात, म्हणजे दम खायला बाहेर चारच. एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आमच्या भागातल्या कॉलेजांची स्पर्धा असायची आणि त्यातले पहिले दोन संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जायचे. आम्ही सलग तीन वर्षं तिसऱ्या आलो होतो. जूनमध्ये ब्रिटाची इस्पितळातली नोकरी सुरू होणार होती, म्हणजे तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष. ते ती दिवसातून दहा वेळा बोलून दाखवायची आणि आमचं डोकं उठवायची.

शनिवारी पहाटे गाडीने निघालो. तीन तासांच्या रस्त्यात तिने चार वेळा जागा बदलली.

"रेनी, सरक जरा."

"आत्ताच तर खिडकीपाशी बसली होतीस ना?"

"तिकडे ऊन लागतं."

बाहेर बर्फाचे कण उडत होते. मी सरकले.

आमच्या खेळात पंच नसतो. धक्का लागला, पाय रेषेबाहेर पडला, जे काही झालं ते खेळणाऱ्यांनीच सांगायचं आणि आपसांत मिटवायचं. फ्रिस्बीची तबकडी एकमेकींकडे फेकत पुढे न्यायची, समोरच्या टोकाच्या गोलच्या पट्टीत कोणी झेलली की गुण. तबकडी हातात असलेल्या मुलीला ती फेकायला दहा सेकंद मिळतात. तिच्यासमोर जी उभी असते तिने ते मोठ्याने मोजायचे. 'दहा' म्हणेपर्यंत तबकडी सुटली नाही तर ती समोरच्या संघाची. आता ब्रिटाच्या हाती सेकंद मोजायचं काम म्हणजे काय होणार, ते सांगायला नको. "ब्रिटाचे दहा म्हणजे घड्याळातले सात," असं आम्ही सरावात चिडवायचो. तीही हसायची. सामन्यात समोरची मुलगी "भरभर मोजतेस" म्हणाली की ही लगेच "सॉरी" म्हणून दोन आकडे मागे यायची. मनात लबाडी अजिबात नव्हती. समोरची बोलते, मग आपण सुधारतो, असं तिचं चाललेलं होतं, आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शनिवारी दोन सामने जिंकलो, एक हरलो. दोन सामन्यांच्या मध्ये बाकीच्या घोंगड्या पांघरून पीनट बटर लावलेली केळी खात होत्या आणि ही बाई मैदानाला फेऱ्या मारत होती. रविवारी दुसऱ्या जागेसाठी सामना होता तो नदीपलीकडच्या कॉलेजशी. वारा असा की तबकडी भलतीकडेच जायची. बारा-बारा झाले. पुढचा गुण ज्यांचा, ते पुढे जाणार.

तबकडी त्यांच्याकडे होती, ओपल नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात. समोर ब्रिटा. आमच्या मुलींनी त्यांच्या बाकी सगळ्यांना असं घेरलं होतं की ओपलला फेकायला कोणी मोकळं दिसेना. ब्रिटा पायांवर नाचत मोजत होती. मी लांब होते, तरी ऐकलं. पाचानंतर आकडे एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. "दहा," ब्रिटा म्हणाली. ओपलने तिच्याकडे पाहिलं आणि तबकडी गवतावर ठेवली. एक शब्द बोलली नाही. ब्रिटाने तबकडी उचलली, आमच्या लिनेआकडे दिली, लिनेआने माझ्याकडे फेकली. मी गोलच्या पट्टीत ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि सगळ्या माझ्या अंगावर कोसळल्या. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात आणि चार बऱ्या गोष्टी बोलतात. त्यांची कर्णधार आमच्या बचावाबद्दल बोलली. मग ओपलने हात वर केला. ती आपल्या मुलींकडे बघत होती. "माफ करा. मला काही सुचलंच नाही. मी फार हळू आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ब्रिटा माझ्या शेजारीच होती. तिचा खांदा माझ्या हाताखाली हलायचा थांबला. इतकी स्थिर ती मला कधी माहीतच नव्हती.

"तू हळू नाहीस," ती म्हणाली. "मी भरभर मोजलं. सातच झाले असतील."

मग त्यांची कर्णधार म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"ती काही बोलली नाही. आणि मला जिंकायचं होतं."

"आमची मुलगी बोलली नाही, म्हणजे निकाल तुमचा. आता उकरून काय करायचं?"

पण ओपलने बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा मोज. घड्याळावर."

मी म्हटलं, हा काय पोरकटपणा, पुन्हा खेळलं की काहीही होऊ शकतं, त्याला काय अर्थ. माझं कोणी ऐकलं नाही. मघाशी ज्या जिथे होत्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कर्णधाराने आपल्या मनगटावरचं घड्याळ ब्रिटाच्या हातात दिलं. ब्रिटा त्याच्याकडे बघून मोजायला लागली आणि दर आकड्यानंतर तिला ओठ मिटून धरावे लागत होते. मी ज्या उंच मुलीला अडवत होते ती आठाला एकदम वळली. मी जीव तोडून धावले, हे शपथेवर सांगते. ओपलच्या हातून तबकडी सुटली तेव्हा नऊ व्हायचे होते. वाऱ्याखालून ती सरळ आली आणि त्या मुलीने माझ्यापुढे हातभर अंतरावर झेलली. गोलच्या पट्टीत.

टाळी कोणी वाजवली नाही. ओपल झेलाच्या जागेकडे बघत उभी होती आणि तिचं रडणं थांबलं होतं.

ब्रिटाने घड्याळ परत केलं आणि ती आयोजकांच्या तंबूकडे निघाली. आमच्या संघाची मोठ्या स्पर्धेतली जागा त्यांच्यासाठी सोडायची तर कर्णधाराची एक सही पुरते. धावली नाही. चालत गेली, सावकाश, आणि आमच्यापैकी कोणाला विचारायला मागे वळली नाही. वळली असती तर मी नको म्हटलं असतं.