बळेपेटचा ओटा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते आणि पुण्यात शिस्त लावावी असं कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात धाकट्या बहिणीचं, सुमनचं, बंगलोरहून पत्र आलं: गुडघ्यांच्या उपचारांसाठी पंधरा दिवस मुलाकडे म्हैसूरला जायचंय, घर सांभाळायला ये. दुपारची गाडी धरली, सकाळी बंगलोर.

स्टेशनाबाहेरून रिक्षा मीटरने येते, न भांडता. पुणेकरांनी ही ओळ पुन्हा वाचावी. बळेपेट म्हणजे जुन्या शहराचा चिमुकला तुकडा: बांगड्यांची आणि वाद्यांची दुकानं, खेटून उभी घरं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागते, म्हणून सामान कमी आणा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात 'बाय-टू' कॉफी मागा. एका कॉफीच्या पैशांत दोघींचं भागतं. फुलं इथे हातावर मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत. लांब हाताच्या बाईकडून घ्या.

तशीच एक बाई सुमनच्या दारातल्या दगडी ओट्यावर ऐसपैस बसून अबोली-मरव्याच्या माळा बांधत होती. नाव लक्ष्मम्मा. ती हलली नाही. मलाच टोपली ओलांडून आत जावं लागलं. मी सुमनला विचारलं, कोणाच्या परवानगीने? सुमनच्या सासरचे तीन पिढ्या इथले, त्यामुळे तिची मराठीही इथली. म्हणाली, "असू दे गं अक्का. स्वल्प जागा लागते तिला."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला परक्या आवारात शिरण्याआधी विचारायला शिकवलं होतं. सुमन म्हैसूरला गेली आणि मी बंगलोरमधल्याच शिवाजीनगरहून वेल्डर आणून ओट्याला लोखंडी जाळी लावून घेतली. लक्ष्मम्मा टोपली उचलून समोरच्या कोपऱ्यावर उन्हात जाऊन उभी राहिली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

सुमन परतली तेव्हा तिने जाळीआधी दाराच्या कडीकडे पाहिलं. "माळ कुठंय?"

तेव्हा कळलं. लक्ष्मम्मा रोज पहिली माळ विकायची नाही, या कडीला बांधायची. तिच्या आधी तिची सासूही इथेच बसायची. सुमनच्या आजेसासऱ्यांनी ओटा बांधलाच होता येणाऱ्या-जाणाऱ्यांना टेकता यावं म्हणून.

"अक्का, तुला घर सांभाळायला सांगितलं होतं," सुमन म्हणाली. "ओटा आमचा नव्हताच."

मी भडकले. हे आधी सांगता येत नव्हतं? पण चूक माझी होती, आणि निस्तरायचीही मीच. समोरच्या कोपऱ्यावर जाऊन लक्ष्मम्माला म्हटलं, जाळी काढते. तिने हातातल्या दोऱ्यावरून नजर न उचलता बळेपेटच्या मराठीत ऐकवलं, "आज काढाल अम्मा, उद्या लावाल. इथं मला कोण उठवत नाही."

वेल्डरला परत बोलावलं. त्याने हिंदीत विचारलं, बाईंना नक्की हवंय तरी काय? कापा, म्हटलं.

जाळी गेली तरी ती येईना. मग तिची जागा दुसऱ्या कोणी धरू नये म्हणून मीच सकाळी सहापासून ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसू लागले. एक हमाल पोतं टेकवून शेजारी बसला. एक म्हातारा पान लावत बसला. कोणीही परवानगी विचारली नाही आणि मीही दातओठ खाऊन गप्प राहिले. कमरेचे हाल झाले. सुमन आतून दोनदा हसली, ते मी ऐकलं.

चौथ्या सकाळी समोर टोपली दिसली.

"सरका," लक्ष्मम्मा म्हणाली.

मी सरकले. तिने पहिली माळ कडीला बांधली. मला काही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुण्याला परतले तर आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर माझीच पाटी: 'येथे बसू नये.' दोन वर्षं भांडून लावून घेतलेली. सभा भरवली नाही, अर्ज केला नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि काढली. पहिल्या दिवशी तिथे कोणीच बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जाऊन बसले.