गोड्या पाण्याची साय

वसुधाताईंचे यजमान श्रीकांतदादा यांचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात बसले होते. मुलाच्या पासपोर्टसाठी मुश्किलीने टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली होती आणि माझा नंबर आता लागणारच होता. "वसुधा गेली," ते म्हणाले. "सकाळी, झोपेत." मग म्हणाले, "तुला आधी कळवायचं, असं तिने सांगून ठेवलं होतं..." नंबर लागला, तो तसाच जाऊ देऊन मी बाहेर पडले. दुखणं वर्षभराचं होतं, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तरीही काही बातम्यांची तयारी होत नसते. आता काही आठवडे लोटल्यावर लिहायला बसते आहे.

वसुधाताईंची आणि माझी ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. मी पुण्याहून नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत आले होते. त्या पीएचडीला येऊन इथल्याच संशोधन संस्थेत स्थिरावलेल्या, विषय भूजल. मसालेभात वाढता वाढता त्यांनी विचारलं, तू काय करतेस? कारखान्यांतल्या यंत्रांची मोजमापं गोळा करणारी प्रणाली बनवते, असं मी सांगितलं. त्यावर हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, "मग विहिरींचं का नाही जमणार?" माझी मुलाखत एवढीच. त्यानंतरची कित्येक वर्षं मी नोकरी सांभाळून त्यांच्या विहिरींच्या मागे होते.

या विहिरी होत्या पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या द्वीपदेशात. तिथे ना नदी, ना तलाव. पावसाचं गोडं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. साय हलक्या हाताने काढली तर पुन्हा धरते. ओरबाडली की खालून समुद्र वर येतो. बंदराच्या गावाला आणि तिथल्या मासळीच्या कारखान्याला याच सायीतून पाणी जायचं, आणि पंप चालू झाले की थांबत नसत. नवा पाणीकायदा करायचा होता, त्यासाठी बर्लिनहून मदत मिळाली होती, आणि मसुदा वसुधाताईंच्या गटाकडे होता. मसुदा कागदावर अगदी स्वच्छ होता: भूजल सरकारचं, उपसा परवान्याने.

तो समजावून सांगायला आम्ही ज्या गावात गेलो, तिथली सभा मला जशीच्या तशी आठवते. गवताने शाकारलेली मोठी मोकळी शेड, खाली चटया. सेलिना नावाची शाळामास्तरीण दुभाषी होती. ताईंचं बोलून झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ शांतपणे उठले. पूर्वी सरकारने विहिरींसाठी त्यांची जमीन घेतली होती, बदल्यात गावाला नळ देऊ म्हणाले होते. पाणी बंदराकडे गेलं, नळ आलाच नाही. "जमीन नेलीत," सेलिनाने त्यांचं शेवटचं वाक्य सांगितलं, "आता खालचं पाणीही तुमचंच म्हणता."

मला वाटलं, ताई आता आकडे दाखवतील. त्यांनी काहीच दाखवलं नाही. नुसत्या ऐकत राहिल्या, एकामागून एक बायका बोलायला लागल्या तरी ऐकतच राहिल्या. अतिथीगृहात परतल्यावर त्यांनी मसुदा बाजूला ठेवला. "मालकी कुणाची, हे आपण ठरवायचं नाहीच गं," त्या म्हणाल्या. "पाणी खारट व्हायला लागलं की पंप कुणी थांबवायचा, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं."

बर्लिनमध्ये हे कुणाला रुचलं नाही. मालकीविना कायद्याला पायाच उरत नाही, असं एका अधिकाऱ्याने अतिशय सभ्यपणे सुनावलं. इतक्या दिवसांचं काम फुकट गेल्याचंही सुचवलं. ताईंचं जर्मन शेवटपर्यंत मराठी वळणाचंच राहिलं, पण आवाज चढला नाही. गावाने न मानलेला कायदा राबवायचा, तर प्रत्येक पंपाशी पोलीस उभा करावा लागेल आणि त्या देशाकडे तेवढे पोलीस नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तिघं-चौघं हसले. तिथून बोलणं वळलं. अखेर एका बेटापुरता प्रयोग मंजूर झाला, पुढे तोच कायदा झाला. प्रत्येक भूजलसाठ्याला एक समिती, त्यात निम्मी माणसं ज्यांच्या जमिनीखाली पाणी आहे ती, पाणी भरणाऱ्या बायकांसकट. क्षार ठरल्या पातळीवर गेले की पंप समितीने बंद करायचा, मंत्र्याला विचारायचं नाही.

त्या संत वगैरे नव्हत्या. हट्टी होत्या, स्वयंपाकात यथातथा होत्या, आणि दात घासताना नळ बंद ठेवा असले उपदेश करणाऱ्यांवर उखडायच्या. देश असे वाचत नाहीत, म्हणायच्या.

गेल्या वर्षी त्या केमोथेरपीला जात होत्या तेव्हा बेटावर कडक दुष्काळ पडला. समितीची प्रमुख आता सेलिना होती. क्षार चढताच तिने कारखान्याचा पंप बंद केला. मंत्र्यांचा फोन आला, कारखान्याची माणसं दारात आली, ती हलली नाही. पाऊस येईपर्यंत गावांच्या विहिरी गोड राहिल्या. हे सगळं पार पडल्यावर तिचा निरोप आला: तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं... ताईंना वाईट वाटेल, असं मला वाटलं. त्यांनी तो निरोप दोनदा ऐकला आणि उशीवर मागे रेलल्या. "मला विचारलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. चेहरा असा की परीक्षेत पोरगी पहिली आली असावी. "आल्झो, चला तर, माझं काम झालं."

परवाच्या शनिवारी श्रीकांतदादांसोबत त्यांच्या श्रेबरगार्टनमध्ये गेले. गावाबाहेरच्या त्या बागांच्या वसाहतीत ताईंचा तुकडा अगदी शेवटचा, पाइपच्या टोकाचा. सगळ्यांची विहीर एकच. पूर्वी उन्हाळ्यात तिथे पाण्यावरून अबोले व्हायचे. ताईंनी शेजाऱ्यांना एकत्र बसवून पाण्याची पाळी लावून दिली. त्यांचे वडील कालव्यावर नोकरीला होते, शब्द तिथूनच आलेला. तिथले जर्मन तो 'पाली' म्हणतात आणि आपल्याला भिंतीवरच्या पाली आठवतात. ताई गेल्यापासून दादा तिकडे फिरकले नव्हते, सगळं वाळून गेलं असणार म्हणून फावडं घेऊन आले होते. फाटक उघडलं तर डेलिया फुललेल्या, भोपळ्याचा वेल कुंपणावर चढलेला, माती ओली. पलीकडच्या बागेतले म्हातारे शेजारी कुंपणाशी आले, टोपी काढली, आणि दादांकडे बघून एवढंच म्हणाले, "आज तुमची पाली आहे."

दादांनी फावडं खाली ठेवलं आणि पाणी सोडलं.