भिंतीवरचा सोयरा

देवळांत संतांची चित्रं परत आली. रविवारी अख्खं थेस्सलोनिकी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलं होतं. मग बिशपच्या माणसाने देवळाच्या पायरीवर उभं राहून शापितांची यादी वाचली. गेल्या सम्राटाच्या अमलात ज्यांनी संतांच्या चित्रांवर हात टाकला, त्यांची ती नावं. शहराच्या तटालगतच्या, समुद्राकडच्या आमच्या वस्तीतून एकच नाव निघालं. अगापिओस गवंडी, ज्याने संत कोस्मासवर हातोडा चालवला. लोक ओरडले, "शाप असो!" सगळ्यांत मोठा आवाज खारे मासे विकणाऱ्या शेजाऱ्याचा. याच शहाण्याने शिपायांना बारा वर्षं फुकट मासे चारले होते.

मी यादीवाल्याला गाठलं. म्हटलं, हे नाव खोडा. तो म्हणाला, "बाई, तू उकडलेले चणे विकतेस ना? मग चणे वीक."

म्हणून लिहायला बसले आहे. अगापिओसबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण त्या हातोड्यातलं निम्मं पाप माझं आहे.

तो स्त्रिमोन नदीपलीकडच्या डोंगरातून आलेला. आई स्लाव्ह. आमची बोली तोंडात खडे धरल्यासारखी बोलायचा. पोरं त्याची नक्कल करायची, आणि तोही त्यांच्यासारखी स्वतःची नक्कल करून दाखवायचा. कोपरापर्यंत हात पांढरे, चुन्याने चिरलेले. बायको थेक्ला त्या चिरांत तेल चोळायची आणि शिव्या देत राहायची, चुन्याला, दगडाला, नवऱ्याच्या नशिबाला. दोन मुलं बाप्तिस्म्याआधीच गेली होती. तिसरी दोम्ना.

दोम्नाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता व्हायला कोणी तयार होईना. परका माणूस, त्यात दोन पोरं खाल्लेलं घर. अगापिओस सात दारं फिरला. सातही दारांत कुणाची तरी तब्येत बिघडलेली होती. आठवं दार त्याने ठोठावलंच नाही. पोर उचलली आणि वस्तीतल्या दोघा वैद्यसंतांच्या देवळात गेला. तिथे उजव्या भिंतीवर कोस्मास आणि दामियान हे दोघे भाऊ उभे होते, हातात औषधाच्या डब्या. कुणाकडून कवडी न घेणारे वैद्य. म्हातारा पाद्री म्हणाला, "दुसरा कोणी नाही?" अगापिओस म्हणाला, "याच्यापेक्षा चांगला कोण आहे?" पाद्रीबाबाने पोरीचं दुपटं कोस्मासच्या चितारलेल्या पायांना लावलं आणि धर्मपित्याने द्यायची सगळी उत्तरं संताच्या वतीने स्वतःच दिली.

असं आमच्यात होतं. हसू नका. पोरीचा धर्मपिता म्हणून त्या दिवसापासून कोस्मास अगापिओसचा सोयरा झाला.

कामावरून येताना तो देवळात डोकावायचा. "काय सोयरे, आज वारा फार." पोरीला दात आला तेही सांगून आला. मी म्हणायचे, "अरे, सोयऱ्याला एकदा जेवायला तरी बोलाव." तर म्हणायचा, "ताई, तो वैद्य आहे. वैद्य घरी आलेला कुणाला आवडतो?"

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बायका नखाने संताच्या झग्याचा रंग जरासा खरवडून पाण्यात कालवून पाजायच्या. खरवडून खरवडून दोघे भाऊ घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टकले झाले होते. अगापिओसने कधी नख लावलं नाही. "सोयऱ्याला कोणी ओरबाडतं का?" उलट आम्ही पाडलेले खड्डे तोच बारीक गिलाव्याने बुजवायचा, आणि आम्हाला नखं कापायला सांगायचा.

मग गेल्या सम्राटाचं फर्मान आलं. चित्रापुढे वाकणं म्हणजे मूर्तिपूजा, सगळ्या भिंती पांढऱ्या करा. पाद्रीबाबाला होडीत घालून कुठे नेलं ते आजवर कळलं नाही. शहरातल्या गवंड्यांना बोलावणं गेलं. आमच्या वस्तीतले तिघे रातोरात डोंगरात पळाले. अगापिओस मात्र स्वतः चालत गेला आणि म्हणाला, आमचं देऊळ मी करतो.

मी बायका घेऊन दारात उभी राहिले. तो चुन्याच्या बादल्या घेऊन आला.

"सोयऱ्याच्या तोंडाला चुना फासायला आलास?"

"ताई, बाजूला हो. दुसरा आला तर भिंतीला टाचे मारेल."

"आणि तू काय फुलं मारणार आहेस?"

तो काहीतरी बोलणार होता. मागे शिपाई उभा होता. त्याने तोंड मिटलं. मी त्याच्या पायावर थुंकले. नव्या गिलाव्याने जुन्या भिंतीला घट्ट धरावं म्हणून गवंडी आधी छिन्नीने भिंतभर टाचे मारतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण राग आला की मला जे ठाऊक असतं तेही आठवत नाही.

दोन दिवस त्याने आतून दार लावून काम केलं. तिसऱ्या दिवशी भिंत पांढरी. मेलेल्याच्या डोळ्यासारखी.

चुना लागण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बायकांनी जमेल तेवढी धूळ खरवडून ठेवली होती. माझी पुरचुंडी सगळ्यांत मोठी. आणि मग मी वस्तीत फिरून सांगितलं : त्या घराला विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर त्यांची घागर आली की आपली बाजूला घ्यायची नाही, भट्टीवाल्याने पाव द्यायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं. माझं ऐकायची लोकांना सवय होती, आणि मला त्या सवयीची सवय होती.

ईस्टरच्या आधीचा सगळा उपासाचा काळ असा गेला. थेक्ला तटाखालचा पाला खुडून आणायची. मला वाटायचं नाटक करते, घरात जवाच्या पिठाचा रांजण आहे, मी पाहिला आहे. रांजण होता. पीठ भिंतीवर होतं. अगापिओसने हिवाळ्याच्या उरलेल्या पिठाची खळ शिजवली होती, आणि दोन दिवस तीच सोयऱ्याच्या अंगावर हलक्या हाताने चढवली होती. एकही टाचा मारला नाही. चुना खळीवर बसला, रंगावर नाही. दिवस पालटले की ओल्या फडक्याने उतरवता येईल असा.

हे त्याने कुणाला सांगावं? मला? मी वस्तीभर ओरडले असते.

ईस्टर झाला आणि दोम्नाला ताप भरला. सहा वर्षांची पोर, अंगावर मांस नाही, ताप कशाला धरणार? हाडांना धरला. चौथ्या दिवशी थेक्ला भर सकाळी माझ्या चण्यांच्या पातेल्यापुढे आली. गिऱ्हाईकं उभी होती.

"सोसान्ना, त्या धुळीतली चिमूटभर दे. तिच्या धर्मपित्याची आहे. तिचा हक्क आहे."

"हक्क? तुझ्या नवऱ्याच्या हाताला चुना आहे ना? तो चाटव."

गिऱ्हाईकं हसली. थेक्ला रडली नाही. तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुला पोर नाही, बरंच झालं," म्हणाली आणि गेली.

दुपारी अगापिओस देवळाकडे जाताना दिसला, हातात स्पंज आणि पाण्याचं मडकं. मला वाटलं, आता हा आणखी काय करतो. मी मागोमाग गेले, माझ्यामागे दोघीतिघी. तो भिंतीशी गुडघे टेकून बसला होता. खालचा कोपरा भिजवत होता. मग त्याने चुन्याखाली नख सारलं, आणि दुधावरची साय निघावी तसा चुना सबंध निघाला. खाली पाय. मग झगा. आमच्या नखांचे सोडले तर एक ओरखडा नाही.

तो म्हणत होता, "सोयरे, पहिल्यांदाच मागतोय. थोडंच घेतो."

आणि मी ओरडले. आनंदाने ओरडले, देवाशपथ आनंदाने. "संत सुटला! कोस्मास आहे! आहे!" तटाच्या दरवाजापर्यंत गेला असेल आवाज. अगापिओसने वळून पाहिलं. तो राग नव्हता. पडणाऱ्या माणसाच्या हातातून दोर सुटतो तेव्हा तो दोराकडे बघतो, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

दरवाजावरचा शिपाई आला. मग त्याचा वरचा अंमलदार आला. त्याने पोपडा उचलला, जिभेला लावला आणि हसला. "पीठ! भुकेली वस्ती भिंतीला जेवू घालते." मग हसणं थांबवून म्हणाला, "गिलावा विटेपर्यंत पाडा. आणि हाच पाडेल."

"साहेब, घरी पोर तापली आहे. उद्या सकाळी पाडतो."

"भिंत उतरली की घरी जा. नाही पाडलीस तर तुरुंगात जा. घाई तुला आहे, मला नाही."

अगापिओसचं घर तिथून चाळीस पावलं. थेक्ला काहीतरी गुणगुणत होती ते ऐकू येत होतं. त्याने हातोडा घेतला. टोपी काढली. "सोयरे," म्हणाला, "पोर तुमचीच आहे," आणि पहिला घाव पायांवर घातला. खालून वर पाडत गेला, चेहऱ्यापर्यंत जितका उशीर होईल तितका बरा म्हणून. दामियानलाही पाडलं. आम्ही बायका समोरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या. एकीनेही त्याचा हात धरला नाही. मीही नाही. सगळी वस्ती पेटवणारी मी, त्या दिवशी भिंतीला चिकटून राहिले.

सांजप्रार्थनेच्या वेळेला नुसत्या विटा उरल्या. त्याने खाली पडलेली धूळ दोन्ही हातांनी अंगरख्याच्या ओच्यात भरली आणि चालू लागला. वरच्याने अडवलं नाही. धुळीला कोण अडवतं?

मी घरी धावले, पुरचुंडी काढली आणि त्यांच्या दारात गेले. आत भांडण चाललं होतं.

थेक्ला म्हणत होती, "हे पाजायचं तिला? बापाने धर्मपित्याला हातोड्याने मारलं, त्याचं हे?"

"त्याचंच आहे."

"मारलेल्याचं आहे! त्यात चुना मिसळला असेल. औषध असेल की विष, तुला ठाऊक आहे?"

मी पुरचुंडी पुढे केली. "ही घे. ही आधीची आहे. चांगली आहे, चुन्याच्या आधीची."

थेक्ला उठली. मला वाटलं मारते. तिने माझा हात हलकेच, पाहुण्याचा बाजूला करावा तसा, बाजूला केला. "तुझी नको. सकाळी हवी होती." आणि अगापिओसला म्हणाली, "आण. मारलेला असला तरी आपला आहे."

त्याने वाटीत कालवलं. पोरीला उठवून बसवलं. तिने दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "खरखरतंय, बाबा."

"सोयरा म्हातारा आहे ना. खरखरणारच."

तिने उरलेलं प्यायलं. बापाला बरं वाटावं म्हणून प्यायलं, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोम्ना गेली. भुकेने गेली, तापाने गेली, की कशाने, मला सांगता येत नाही.

मी गेले तेव्हा थेक्ला पोरीला न्हाऊ घालत होती. अगापिओस उंबऱ्यावर बसला होता, ओच्यात उरलेली धूळ. बोटांनी चिवडत होता.

"ताई," म्हणाला, "तू रोज चणे निवडतेस. तुझी नजर चांगली. बघ जरा, यात चुना आहे का?"

मी खाली बसले. रंगाचे कण, गिलावा, विटेचा भुगा, सगळं पांढुरकं, सगळं एकसारखं. दहा नजरा असत्या तरी वेगळं करता आलं नसतं.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्याने ती मूठ बाजूला टाकली आणि दुसरी मूठ माझ्यापुढे धरली. "आणि यात?"

मी पुन्हा वाकले. तो ओचा संपेपर्यंत मूठ मूठ काढून दाखवत राहिला, आणि प्रत्येक मुठीला मी नाही म्हणत राहिले.